कन्व्हर्टिबल लॅपटॉपवर पेनने शिकवायचंय? आधी पेन बघा, लॅपटॉप नंतर

मॅडम, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. तुम्ही अकरावी-बारावीला गणित शिकवता, दिवसा कॉलेजात प्रोजेक्टरवर आणि संध्याकाळी ऑनलाइन. बजेट ८० हजारांपर्यंत. मैत्रिणीचा कन्व्हर्टिबल, म्हणजे स्क्रीन ३६० अंशात मागे फिरवून टॅबलेट करता येतो असा लॅपटॉप, वापरून बघितलात तर अक्षर पहिलीतल्या मुलाने काढल्यासारखं आलं, तळहात टेकला की रेघोट्या उमटल्या आणि उत्तरांमधली दशांश चिन्हं गायब झाली. मिस्टर म्हणतात साधा लॅपटॉप घे आणि वेगळं पेन पॅड जोड. तर कन्व्हर्टिबल घ्यावा का, घेतला तर कोणता, आणि जुना लॅपटॉप विकून टाकावा का.

मी फिजिक्स शिकवतो, आणि एकाच बिजागरीवर स्क्रीन गोल फिरवून कीबोर्डवर पालथी पाडायची असे टॅबलेट पीसी मिळायचे तेव्हापासून पेनने शिकवतोय. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न 'कोणता लॅपटॉप' हा नाहीये. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत, रेघोट्या हा सेटिंगचा भाग, दशांश चिन्ह अर्धं सेटिंग आणि अर्धं पेन, आणि अक्षर हा मशीन कसं ठेवलंय त्याचा भाग. हे न उलगडता तुम्ही दीड लाखाचं मशीन घेतलंत तरी याच तक्रारी राहतील.

सगळ्यात आधी दशांश चिन्ह, कारण गणिताच्या माणसाला हे परवडणारच नाही. २.५ चं २५ झालं आणि मुलांनी तसंच वहीत उतरवून घेतलं तर तास फुकट. मराठीत लिहिताना हेच अनुस्वाराचं होतं, 'अंतर' लिहायला गेलं की 'अतर' उमटतं. याचं एक कारण असं की प्रत्येक पेनला रेघ सुरू व्हायला किमान दाब लागतो, आणि टिंब आपण कागदावर देताना जवळजवळ न दाबता नुसतं टेकवतो. कागदावर शाई लागते, काचेवर पेनला कळतच नाही. दुसरं कारण म्हणजे पेन एका जागी क्षणभर टेकवून धरलं की विंडोजला वाटतं तुम्हाला राइट क्लिक करायचंय. टोकाभोवती एक छोटं वर्तुळ येतं, ते मैत्रिणीच्या मशीनवर तुम्हाला दिसलं असणार, आणि टिंबाच्या ऐवजी ते वर्तुळ येऊन जातं. हे बंद करता येतं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पेन अँड टच' उघडा, तिथे 'प्रेस अँड होल्ड' च्या सेटिंगमध्ये राइट क्लिकची टिकमार्क काढून टाका. पेनसोबत कंपनीचं स्वतःचं ॲप असेल तर त्यात दाबाची संवेदनशीलता मऊ बाजूला सरकवा. आणि हाताला एक सवय लावून घ्या, टिंब टेकवायचं नाही, तर तिळाएवढी रेघ ओढायची किंवा बारीक गोल फिरवायचा. मी दशांश चिन्ह कायम असंच काढतो, मागच्या बाकावरून पण दिसतं.

तळहाताच्या रेघोट्या. चांगली पेन-मशीनं पेन जवळ आल्याचं टेकण्याआधीच ओळखतात आणि त्या वेळात बोटाचा टच बंद करतात. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांची सवय अशी की आधी तळहात टेकायचा आणि मग पेन खाली आणायचं, तेवढ्या अर्ध्या क्षणात रेघ पडते. वननोट या मायक्रोसॉफ्टच्या नोट्स लिहायच्या ॲपमध्ये 'ड्रॉ विथ टच' नावाचं बटण असतं, ते चालू राहिलं की बोट, तळहात, बांगडी, सगळंच लिहायला लागतं. ते बंद करा. विंडोजच्या पेन सेटिंगमध्ये 'पेन वापरताना टचकडे दुर्लक्ष कर' असा पर्याय आहे, तो चालू करा. त्याच भागात तुम्ही उजव्या हाताने लिहिता की डाव्या ते पण सांगता येतं. एवढं केलं की बहुतेक त्रास संपतो. राहिलेल्यासाठी आणि घामासाठी चित्रकार वापरतात तो दोन बोटांचा हातमोजा घ्या, करंगळी आणि अनामिका झाकणारा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये किंवा कोकणपट्टीच्या दमट हवेत तळहात काचेला चिकटतो आणि हात सरकतच नाही, तिथे हा हातमोजा लाखमोलाचा आहे.

आता अक्षर. मैत्रिणीचं मशीन तुम्ही लॅपटॉपसारखंच उघडं ठेवून उभ्या स्क्रीनवर लिहिलंत का? मला जवळजवळ खात्री आहे, कारण पहिल्यांदा सगळे तेच करतात. उभी स्क्रीन पेनच्या दाबाने डुलते, मनगटाला आधार नसतो, अक्षर वाकडंच येणार. लिहिण्यासाठी स्क्रीन पूर्ण मागे फिरवून टॅबलेट करायची, मशीन टेबलावर आडवं ठेवायचं आणि वरच्या कडेखाली जाड बॉक्स फाईल सरकवायची म्हणजे उतार मिळतो, मान पण वाचते. तंबूसारखं उभं करून लिहायच्या भानगडीत पडू नका, तो प्रकार व्हिडिओ बघायला ठीक आहे. टॅबलेट केल्यावर कीबोर्डची बटणं खाली टेबलाकडे येतात, बऱ्याच जणांना त्याचीच भीती वाटते, पण ती त्या वेळी आपोआप बंद होतात, खाली एखादा जाडसर रुमाल टाकला की ओरखडे पण नाहीत. फक्त पंख्याच्या जाळ्या झाकल्या जात नाहीयेत ना ते बघा, नाहीतर तासाभरात मशीन तापतं आणि त्यावर टेकलेला हातही.

यात देवनागरी लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे जी दुकानदार कधीच सांगत नाही. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपच्या काचेत सेन्सरच्या तारांची आडवी-उभी जाळी असते. त्या जाळीला समांतर रेघ सरळ येते, पण तिरकी रेघ हळू ओढली की बारीक लाटा पडतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही. आपल्याला शिरोरेघ ओढायची असते, आणि आपण वही जशी थोडी तिरकी ठेवून लिहितो तसंच मशीन तिरकं ठेवून लिहिलं, तर स्क्रीनवर सरळ लिहायला जाताना हात झुकतो, आणि स्क्रीनच्या रेषेत न जाणारी प्रत्येक शिरोरेघ जाळीला तिरकी होते. भागाकाराची रेघ, ग्राफचे अक्ष, वर्गमुळाची छत्री, सगळ्याचं तेच. उपाय साधा आहे. मशीन स्वतःसमोर सरळ ठेवा, कोपर हलवा, मशीन नको. रेघा बेताच्या वेगाने ओढा, जपून जपून ओढलेली रेघच जास्त थरथरते. ग्राफसाठी ॲपमधली पट्टी वापरा. झूम १२० ते १५० टक्के ठेवून मोठं लिहा, नंतर छोटं करून बघितलं की अक्षर आपोआप नीटनेटकं वाटतं. वननोटमध्ये ०.५ मिलिमीटरचं पेन वर्गासाठी बरं पडतं, ०.३५ प्रोजेक्टरवर मागच्यांना दिसत नाही. पानावर रेघा चालू करा, कोऱ्या पानावर ओळ वर चढत जाते.

काच गुळगुळीत असते, पेन निसटतं, हे पण अक्षर बिघडायचं कारण. कागदासारखी खरखरीत मॅट फिल्म लावली की हातावर ताबा येतो आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंबही कमी होतं. पण पेनचं टोक लवकर झिजतं आणि स्क्रीन थोडी धुरकट दिसते. मी शिकवण्याच्या मशीनवर फिल्म लावतो. तुम्ही त्याच मशीनवर सिनेमे बघत असाल तर तुमचं तुम्ही ठरवा.

इथवर जे सांगितलं ते मैत्रिणीकडे परत जाऊन एका संध्याकाळी करून बघा. राइट क्लिक बंद, टच बंद, मशीन आडवं आणि सरळ, अक्षर मोठं. त्यानंतर पण लिहिणं नको वाटलं तर कन्व्हर्टिबल घेऊच नका, मिस्टर म्हणतात ते ऐका.

आणि त्यांचं म्हणणं अगदीच काही चुकीचं नाही बरं का. बिनस्क्रीनचं पेन पॅड तीन-चार हजारांत येतं आणि फक्त घरी टेबलावर बसून ऑनलाइन तास घ्यायचे असतील तर त्याने काम भागतं. अडचण एवढीच की हात खाली पॅडवर आणि नजर वर स्क्रीनवर, ही सवय व्हायला काही आठवडे जातात, आणि ज्यांना दिवसभर समीकरणं लिहायची असतात त्यांच्यातले बरेच जण ती सवय व्हायच्या आतच पॅड कपाटात टाकतात. शिवाय कॉलेजात एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना लॅपटॉप, पॅड, वायर असा संसार हलवावा लागतो. दुसरा पर्याय आयपॅड किंवा अँड्रॉइड टॅब. लिहायला हे उत्तमच, वजन पण साधारण अर्धा किलो, १४ इंची कन्व्हर्टिबल दीड किलोच्या आसपास जातो त्यामुळे तो हातात धरून उभ्याने लिहायचा विचार सोडून द्या. पण तुम्ही प्रश्नपत्रिका टाइप करता, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाईली उघडाव्या लागतात, गुणांचं एक्सेल भरता, वर्डमध्ये समीकरणं टाकता. त्यासाठी विंडोज लागणारच. टायपिंग, लिखाण, प्रोजेक्टर सगळं एकाच मशीनवर हवं असेल तरच कन्व्हर्टिबलचे पैसे वसूल होतात, आणि तुमचं काम ऐकून मला वाटतं तुमचे होतील.

मग कोणता. इथे मी मॉडेलचं नाव सांगणार नाही, मॉडेलं दर सहा महिन्यांनी बदलतात. बघायचं काय ते सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी गल्लत म्हणजे टचस्क्रीन आहे म्हणजे पेन चालणारच असं समजणं. बऱ्याच स्वस्त फिरत्या लॅपटॉपना फक्त बोटाचा टच असतो, त्यावर दोनशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन चालतं पण ते पेन नाही, ते बोटच आहे, त्याला दाब कळत नाही आणि तळहातही वेगळा ओळखता येत नाही. दुकानातलं मशीन चालू करून सेटिंगमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. तिथे 'पेन अँड टच' या ओळीसमोर 'पेन अँड टच सपोर्ट विथ १० टच पॉइंट्स' असं दिसलं पाहिजे. नुसतं 'टच सपोर्ट' असेल तर मशीन परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो.

दुसरं, कोणतंही पेन कोणत्याही मशीनवर चालत नाही. मुख्य पद्धती समजून घ्या. पहिली वॅकॉम या पेन-तंत्राच्या कंपनीची ईएमआर, यात स्क्रीनच्या मागे वेगळा थर असतो आणि पेनला सेलच लागत नाही, सॅमसंगचं एस पेन याच जातीतलं, गॅलॅक्सी बुक ३६० मालिकेत ते मिळतं. तिरकी रेघ आणि हलकं टिंब यात मला हीच पद्धत हाताला सगळ्यात चांगली वाटते. दुसरी वॅकॉमचीच एईएस, जी लेनोवोच्या बऱ्याच योगा मशीनमध्ये असते. तिसरी मायक्रोसॉफ्टची एमपीपी, त्यांच्याच सरफेस मशीनमध्ये आणि एचपीच्या बऱ्याच एक्स ३६० मॉडेलांत. क्रोमबुकवाल्यांची यूएसआय आणखी वेगळी. एकाच कंपनीच्या दोन मशीनचं पेन सुद्धा वेगळं असू शकतं, सरफेसचंच बघा ना, पहिल्या दोन सरफेस प्रोमध्ये वॅकॉम होतं, २०१४ च्या सरफेस प्रो ३ पासून एन-ट्रिग या दुसऱ्या कंपनीचं तंत्र आलं आणि पुढच्या वर्षी ते मायक्रोसॉफ्टने विकतच घेतलं, त्यामुळे आधीचं पेन पुढच्या मशीनवर चालेना. म्हणून मशीनसोबत पेन येतंय का, नसेल तर त्याच मॉडेलसाठीचं पेन भारतात मिळतंय का, हे पैसे देण्याआधी विचारा. काही पेनांना चार ए वाला, म्हणजे नेहमीच्या पेन्सिल सेलपेक्षाही बारीक सेल लागतो, तो तालुक्याच्या गावी सहजासहजी मिळत नाही, दोन-चार आणून ठेवावे लागतात. चार्ज होणारं पेन असेल तर उत्तम. ४०९६ दाबाच्या पातळ्या वगैरे जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतात, चित्रकाराला त्याचं महत्त्व आहे, अवकलन-संकलन लिहायला काही फरक पडत नाही.

तिसरं स्क्रीनचा आकार, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण. १४ इंची १६:१० स्क्रीन उभी धरली की रुंदी जवळजवळ १९ सेंटिमीटर आणि उंची ३० सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाच्या अगदी जवळ, उत्तरपत्रिका तपासायला पान जवळजवळ आहे त्या मापात दिसतं. १३.३ इंची १६:९ असेल तर रुंदी साडेसोळाच भरते आणि ए-फोरचं पान चिरडल्यासारखं होतं. १५.६ इंची घेऊ नका, वजन दोन किलोच्या घरात जातं आणि उभं धरवत नाही. रॅम १६ जीबी घ्या, कारण ऑनलाइन तासाला मीटिंग, वननोट आणि रेकॉर्डिंग एकदम चालतं. ग्राफिक्स कार्डचे पैसे वाचवा.

दुकानात लिहून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि लिहून बघायचं म्हणजे सही करायची नाही. वननोट तिथे लॉगिन मागत बसतं, सरळ पेंट उघडा. मशीन टॅबलेट करा, टेबलावर ठेवा आणि तुमच्या नेहमीच्या वेगाने ०.०५, १२.५, 'अनंत', 'संख्यांची बेरीज' असं भरभर लिहा, मग किती टिंबं उमटली ते मोजा. पट्टी ठेवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ हळू ओढा, लाटा किती मोठ्या आहेत ते बघा. चारही कडांना रेघ शेवटपर्यंत जाते का बघा. पेनचं टोक आणि उमटलेली शाई यात अंतर दिसतं का, म्हणजे काच जाड आहे का, ते तिरक्या नजरेने बघा. डेमोचं पेन हरवलंय असं ऐकायला मिळेल, मग दुसरं दुकान.

बजेट ताणायचं नसेल तर कंपन्यांच्या लीजवरून परत आलेली रिफर्बिश्ड मशीनं हा चांगला मार्ग आहे. लेनोवोच्याच थिंकपॅड योगा मालिकेत बऱ्याच मॉडेलांत पेन मशीनच्या कडेच्या खाचेत जातं आणि तिथेच चार्ज होतं, शिक्षकाला याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही, कारण चुंबकाने कडेला चिकटणारं पेन पिशवीत निघून पडतं. जुन्या मशीनचं पेन, बिजागरी आणि स्क्रीनच्या कडा वरच्यासारख्याच तपासा, आणि तळ फुगलाय का बघा, बॅटरी फुगली की टेबलावर मशीन डुगडुगतं. नवीन घेणार असाल तर अपघाती नुकसानीची वॉरंटी घ्याच, अशा स्क्रीनची काच, टच आणि डिस्प्ले बऱ्याचदा एकत्र चिकटवलेले असतात, तडा गेला की अख्खी बदलावी लागते आणि खर्च मोठा येतो.

प्रोजेक्टरचं सांगतो कारण पहिल्याच दिवशी अडाल. नवीन मशीनना बऱ्याचदा फक्त टाइप-सी असतं, आणि कॉलेजचा प्रोजेक्टर अजून व्हीजीए वर. टाइप-सीतून व्हीजीएला जोडणारा ॲडॅप्टर स्वतःच्या पिशवीत ठेवा, कॉलेजच्या भरवशावर राहू नका. दुसरा स्क्रीन जोडला की कधी कधी असं होतं की तुम्ही इथे लिहिता आणि शाई भलतीकडेच उमटते, कारण विंडोज पेनला प्रोजेक्टरच्या स्क्रीनशी जोडून टाकतं. तेव्हा घाबरू नका, 'टॅबलेट पीसी सेटिंग्ज' मध्ये 'सेटअप' दाबा आणि ज्या स्क्रीनवर लिहिणार त्यावर पेन टेकवा, बाकीच्या स्क्रीनवर एंटर. हे घरी टीव्हीला जोडून एकदा करून ठेवा, वर्गात ७० मुलांसमोर शोधत बसायची गोष्ट नाही ही.

उत्तरपत्रिका तपासायला झूर्नल प्लस प्लस (Xournal++) हे ॲप वापरा, फुकट आहे, पीडीएफवर लाल पेनने लिहा, फक्त शेवटी 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' करा, नुसतं सेव्ह केलं तर त्याची स्वतःची फाईल बनते जी मुलांच्या मोबाइलवर उघडत नाही. शिकवायला वननोट, पण नोट्स छापायच्या असतील तर लिहायला लागण्याआधीच पानाचा आकार ए-फोर करून घ्या, नाहीतर त्याचं पान हवं तेवढं पसरत जातं आणि प्रिंटमध्ये समीकरण मधोमध तुटतं.

राहिला जुना लॅपटॉप. विकू नका, त्याचे आता फारसे पैसे येणार नाहीत. ऑनलाइन तासाला त्यावरून विद्यार्थी म्हणून जॉइन करा, आवाज बंद ठेवून. तुमचं लिहिलेलं मुलांना कसं आणि किती उशिरा दिसतंय हे समोर दिसत राहतं, आणि दशांश चिन्ह उमटलं नाही तर मुलांच्या आधी तुम्हाला कळतं.